शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित आहे, म्हणजे काय?

वाचावयाचे भाग : यिर्मया ३६, नहेम्या ८.१-८, मत्तय ४.१-११, लूक १.१-४, २ तीमथ्य ३.१४-१७, २ पेत्र १.१९-२१.



धुळ्याच्या देवपुरात आणि पांझरेच्या काठच्या खेड्यांतून उपासनेस जमणाऱ्या मंडळीच्या हाती आता पवित्र शास्त्राची एकाच प्रकारची प्रत असते असे नाही. एकाच्या हाती आजोबांच्या पेटीतील जीर्ण पुस्तक असते, दुसऱ्याच्या हाती बायबल सोसायटीची सुधारलेली आवृत्ती, तिसऱ्याच्या हाती सुबोध मराठीतील नवे भाषांतर, आणि तरुण मंडळी तर मोबाइलवरच अध्याय काढतात. अशा वेळी उपदेशक योहानाच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय वाचू लागला, तर एका प्रतीत स्वर्गातील तीन साक्षींविषयीचे वाक्य आढळते आणि दुसरीत ते नसते. मार्काच्या शुभवर्तमानाचा शेवट कोठे कंसात असतो, कोठे त्याखाली टीप असते. मग मागे बसलेला कोणी विचारतो, “देवाच्या वचनात हा फेर कोणी केला?” शेजारचा अन्यधर्मी गृहस्थही विचारतो, “तुमचे शास्त्र देवाचे असेल, तर ते बदलते कसे?”

ह्या प्रश्नास दोन प्रकारची चुकीची उत्तरे दिली जातात. एक म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यास अविश्वासी ठरवून गप्प बसविणे. दुसरे म्हणजे, शास्त्र हे शेवटी माणसांचेच लिहिणे आहे, त्याचे एवढे काय, असे म्हणून मोकळे होणे. पहिल्या उत्तराने भोळी माणसे भीतीने धरून ठेवली जातात आणि विचार करणारी निघून जातात. दुसऱ्याने सर्वांच्याच पायांखालची जमीन सरते. म्हणून ह्या पाठात, परमेश्वरप्रेरणा म्हणजे काय आणि ती मानणाऱ्यावर कोणते काम येऊन पडते, ह्याचा आपण शांतपणे विचार करू.

१. पौलाच्या शब्दाचा अर्थ

पौलाने तीमथ्यास लिहिताना जो ग्रीक शब्द वापरला तो ‘थेओप्नेउस्तोस’ असा आहे. ‘देव’ आणि ‘श्वास फुंकणे’ ह्या दोन शब्दांपासून तो झाला आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मातीच्या मनुष्यात देवाने श्वास फुंकला तेव्हा तो जिवंत झाला, हे वाचकांस स्मरत असेल. तेथे माती मातीच राहिली, परंतु ती जिवंत झाली. पौलाचा हा शब्द ऐकताना ते चित्र मनात ठेवणे उपयोगाचे आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मूळ ग्रीक वाक्यात ‘आहे’ हे क्रियापद लिहिलेले नाही. ते भाषांतरकारास घालावे लागते. म्हणून कोणी असा अर्थ करतात की, सर्व शास्त्र देवप्रेरित आहे आणि उपयोगीही आहे. कोणी असा करतात की, जो जो शास्त्रलेख देवप्रेरित तो तो उपयोगी आहे. मराठीत बायबल सोसायटीच्या भाषांतराने दुसरी रीत धरली आहे. दोन्ही रीतींचे विद्वान श्रद्धावान होते व आहेत. कोणतीही रीत धरली तरी पौलाचा रोख बदलत नाही. प्रेरणा कशी घडली ह्याची पद्धत तो सांगत नाही. ती कशासाठी, हे तो सांगतो : शिकविणे, चूक दाखविणे, सुधारणे आणि देवाच्या माणसास चांगल्या कामासाठी तयार करणे. तीमथ्यास हे शास्त्र आजी लोईस आणि आई युनीके ह्यांच्या घरात मिळाले, हेही त्याच पत्रावरून कळते. तेव्हा नवा करार एकत्र झालेला नव्हता. पौल बोलतो ते प्रथमतः जुन्या करारातील लेखांविषयी.

२. अपौरुषेय नव्हे, परमेश्वरप्रेरित

आपल्या देशात ‘शास्त्र’ म्हटले की एक कल्पना मनात आपोआप येते. मीमांसक पंडित वेदांस अपौरुषेय मानतात. म्हणजे त्यांचा कर्ता कोणी पुरुष नाही, ते शब्द अनादि आहेत, आणि त्यांच्या उच्चारात काना-मात्रेचाही फरक चालत नाही. आपले मुसलमान शेजारी मानतात की कुराणाचा शब्द न् शब्द अरबी भाषेत वरून उतरला. ही त्यांची मते आदराने समजून घ्यावी. परंतु तीच कल्पना आपण नकळत बायबलावर चढविली, तर बायबल स्वतःविषयी जे सांगते ते ऐकू येईनासे होते.

बायबल स्वतः काय सांगते ते पाहा. यिर्मयाने तोंडाने सांगितले आणि बारूखाने शाईने गुंडाळीवर लिहिले. यहोयाकीम राजाने ती गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली, तेव्हा दुसरी लिहिली गेली, आणि तीत पूर्वीच्या वचनांसारखी आणखी पुष्कळ वचने घातली गेली. देवाच्या वचनाची दुसरी आवृत्ती पहिलीपेक्षा मोठी झाली, आणि हे शास्त्रच उघडपणे सांगते. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी म्हणतो की, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी जे सांगितले त्याचा आपण मुळापासून शोध केला आणि मग अनुक्रमाने लिहिले. रोमकरांस पत्र पौलाचे, पण ते लिहून काढणारा तर्तियुस शेवटच्या अध्यायात स्वतः सलाम कळवितो. करिंथकरांस लिहिताना पौल म्हणतो की आपण क्रिस्प व गायस ह्यांवाचून कोणाचा बाप्तिस्मा केला नाही. मग त्यास स्तेफनाच्या घरच्यांची आठवण होते, आणि आणखी कोणाचा केला असल्यास आपणास स्मरत नाही असे तो सांगून टाकतो. आठवण, विसर, शोध, श्रम हे सर्व त्या लेखांत आहे, आणि तरीही मंडळीने त्यांतून देवाची वाणी ऐकली.

समर्थ रामदासांनी सांगावे आणि कल्याणस्वामींनी लिहून घ्यावे, अशी दासबोधाविषयीची परंपरा आपल्या धुळ्यात सर्वांस ठाऊक आहे. लेखकाने ऐकले तेवढेच उतरविले, असा तो प्रकार. बायबलातील सर्व लेखक असेच होते काय? काही ठिकाणी तसे घडले, परंतु सर्वत्र नाही. पेत्र म्हणतो की माणसे देवापासून बोलली आणि पवित्र आत्म्याने त्यांस प्रेरिले. बोलली ती माणसेच. आमोसाच्या बोलण्यास मेंढपाळाच्या रानाचा वास आहे, आणि पौलाच्या लिहिण्यात वाद करणाऱ्या शिक्षकाची घाई आहे. देवाने त्यांचा स्वभाव पुसून टाकला नाही. त्याने तो कामास लावला.

त्याहून मोठी गोष्ट अशी की, प्रभु येशू गालीलात अरामी भाषा बोलत असे, आणि चारही शुभवर्तमाने आपणापर्यंत ग्रीक भाषेत आली आहेत. म्हणजे प्रभूची बहुतेक वचने मंडळीस आरंभापासूनच भाषांतराच्या रूपाने लाभली. ज्या धर्मात देवाचा शब्द देह धारण करून मनुष्यांत राहिला, त्या धर्मात तो शब्द मराठीत, भिलीत किंवा अहिराणीत आला, तर त्याचा मान उणा होत नाही.

३. प्रतींतील फरक कोठून आले

छापण्याची कला येण्यापूर्वी प्रत्येक पुस्तक हाताने उतरविले जाई. उतरविणाऱ्याचा डोळा एका ओळीवरून दुसरीवर जाई. कोणी समासातील टीप मूळ मजकूर समजून आत घेई. हे सर्व ग्रंथांस लागू आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठ बिघडलेले पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ती शुद्ध केली. धुळ्याच्या श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आणि राजवाडे संशोधन मंडळात जुनी हस्तलिखिते जपून ठेवली आहेत ती ह्याच कारणाने. पुष्कळ प्रती असल्या म्हणजे एकीची चूक दुसरीवरून उघडकीस येते.

बायबलाविषयी असे काम फार मोठ्या प्रमाणावर झाले आहे. चौथ्या शतकातील दोन थोर ग्रीक प्रती आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी एक सीनाय पर्वताच्या पायथ्याशी संत कॅथेरिनच्या मठात टिशेनडॉर्फ नावाच्या जर्मन विद्वानास मिळाली, इ. स. १८४४ मध्ये तिची काही पाने त्याच्या हाती आली आणि १८५९ मध्ये मोठा भाग. ह्या दोन्ही प्रतींत मार्काचे शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी संपते. स्वर्गातील तीन साक्षींचे वाक्य तर कोणत्याही प्राचीन ग्रीक प्रतीत नाही. इरास्मसाने इ. स. १५१६ मध्ये छापलेल्या ग्रीक नव्या करारात ते नव्हते, आणि १५२२ च्या आवृत्तीत ते आले. म्हणून नव्या भाषांतरांतून ते वाक्य गाळलेले दिसते तेव्हा कोणी देवाच्या वचनातून काही चोरले असे होत नाही. मागाहून शिरलेले काढले गेले एवढेच. त्रैक्याचे शिक्षण त्या एका वाक्यावर उभे नाही. मत्तयाचा शेवट आणि योहानाचे शुभवर्तमान ह्यांत ते दृढ आहे.

जुन्या कराराविषयीही असेच सांगता येते. इ. स. १९४७ मध्ये मृत समुद्राजवळ कुमरान येथील गुहेत मेंढपाळांस जुन्या गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यांत यशयाची संपूर्ण गुंडाळी होती. ती तोवर हाती असलेल्या हिब्रू प्रतींहून सुमारे १००० वर्षे जुनी. दोहोंची तुलना केली तेव्हा शब्दलेखनाचे आणि बारीकसारीक फरक पुष्कळ निघाले, परंतु यशयाचा संदेश तोच आढळला. प्रती तपासणे हे शास्त्राचे वैर नव्हे, ही त्याची सेवा आहे.

४. विद्वानांतील वाद

प्रेरणेविषयी ख्रिस्ती लोकांत वाद झाला हे लपविण्याचे कारण नाही. दक्षिण आफ्रिकेतील नाताल प्रांताचे बिशप कोलेन्सो हे झुलू भाषेत शास्त्राचे भाषांतर करीत असता, त्यांच्या झुलू सहकाऱ्याने जलप्रलयाविषयी विचारले, “हे सर्व खरोखर असेच घडले काय?” त्या साध्या प्रश्नाने बिशप अंतर्मुख झाले, आणि इ. स. १८६२ पासून त्यांनी मोशेच्या पुस्तकांतील आकड्यांवर व इतिहासावर शंका घेणारे ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यावरून मोठे वादळ उठले. पुढे अमेरिकेत व युरोपात दोन पक्ष पडले. एक म्हणे की मूळ लेखाचा प्रत्येक शब्द निर्दोष आहे. दुसरा म्हणे की देवाचे सत्य त्या काळच्या माणसांच्या समजुतींत गुंडाळून आले आहे.

हा वाद अद्याप संपलेला नाही. परंतु एक गोष्ट उपदेशकाने जाणावी. निर्दोषतेचा अत्यंत आग्रह धरणाऱ्या लोकांनी इ. स. १९७८ मध्ये शिकागो येथे जे निवेदन काढले, त्यातही असे स्पष्ट केले आहे की प्रेरणा काटेकोरपणे मूळ लेखास लागू होते, आणि प्रती व भाषांतरे ही मुळाशी जितकी इमानी तितकी देवाचे वचन होत. म्हणजे प्रत व भाषांतर तपासावे लागते हे दोन्ही पक्षांस मान्य आहे.

५. पंडिता रमाबाईंचे उदाहरण

हा वाद परदेशातच झाला असे नाही. आपल्या महाराष्ट्रकन्येने तो स्वतःच्या जीवावर सोसला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इ. स. १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे झाला. त्यानंतर तेथील भगिनी जेराल्डिन ह्यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो इ. स. १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. वाद असा की, शास्त्राचा अर्थ ठरवावयाचा कोणी? भगिनी जेराल्डिन ह्यांचे म्हणणे की नव्या विश्वासणाऱ्याने मंडळीच्या शिकवणीपुढे नम्र व्हावे. रमाबाईंचे म्हणणे की आपण ख्रिस्ताचे वचन स्वीकारले आहे, आणि जे त्यात आपणास दिसत नाही ते केवळ दुसऱ्याच्या अधिकारावरून मान्य करणे विवेकास धरून नाही.

दोघींच्या म्हणण्यात सत्यांश आहे, असे आम्हांस वाटते. शास्त्र मंडळीत जन्मले, मंडळीत जपले गेले, आणि एकट्याने वाचणारा सहज वाहवतो. परंतु मंडळीचे अधिकारीही चुकतात, आणि प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्यावाचून विश्वास त्याचा स्वतःचा होत नाही.

रमाबाईंनी केवळ हक्क सांगितला नाही, त्याचे मोलही दिले. त्या संस्कृतच्या पंडिता. तरी प्रौढ वयात त्यांनी हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला, आणि केडगावच्या मुक्ति सदनात आयुष्याची अखेरची कित्येक वर्षे संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर करण्यात घालविली. अवघड संस्कृत शब्द टाळून, खेड्यातील अशिक्षित बाईस ऐकून समजेल अशी मराठी त्यांनी योजिली. दि. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूत निजल्या, आणि संपूर्ण ग्रंथ इ. स. १९२४ मध्ये बाहेर पडला. बहुतेक मंडळ्यांत पुढेही बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले. तथापि रमाबाईंचा धडा राहतोच : जो म्हणतो की मी स्वतः वाचीन, त्याने कष्टही स्वतः केले पाहिजेत.

६. शब्द खरा, अर्थ खोटा

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. रानात सैतानाने प्रभूची परीक्षा केली तेव्हा त्याने एक्याण्णवाव्या स्तोत्रातील वचन म्हणून दाखविले. परंतु देवावर भरवसा ठेवणाऱ्यास दिलेले अभय त्याने देवाची परीक्षा पाहण्याचे निमित्त केले. प्रभूने त्या वचनाचा अव्हेर केला नाही. दुसरे वचन त्याच्या शेजारी ठेवून त्याने खरा अर्थ दाखविला. ह्यावरून उघड होते की, तोंडपाठ वचन म्हणणे म्हणजे देवाची वाणी सांगणे नव्हे.

ह्याचा परिणाम थोडाथोडका होत नाही. अमेरिकेत इ. स. १८६५ मध्ये गुलामगिरी बंद होईपर्यंत कित्येक पाळक व जमीनदार इफिसकरांस पत्रातील दासांविषयीचे वचन दाखवून माणसे विकत घेत व विकत होते. वचन शास्त्रातलेच होते. परंतु मिसरातून दासांस सोडविणारा देव आणि अनेसिमास बंधू म्हणून स्वीकारावयास लावणारे फिलेमोनाचे पत्र ही त्यांनी झाकून ठेवली. ज्यांच्या वाडवडिलांस गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्या आपल्या लोकांस ही गोष्ट अधिक समजाविण्याची गरज नाही. शास्त्राच्या नावाने माणसास हीन ठरविता येते, हे त्यांनी भोगले आहे.

खेड्यातील उदाहरण घ्या. आजाऱ्यास तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोब म्हणतो. त्यावरून कोणी म्हणतो की दवाखान्यात नेणे हे अविश्वासाचे लक्षण. परंतु त्या काळी तेल हेही औषध होते. शोमरोन्याने जखमी माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला तो उपचार म्हणूनच. याकोब प्रार्थना व उपचार एकत्र ठेवतो, आणि चुकीचा अर्थ करणारा ती वेगळी करतो. तापाने फणफणलेले लेकरू अशा अर्थामुळे घरीच राहिले तर त्याचा हिशेब कोण देईल? प्रेरणा मानणाऱ्याने अर्थाविषयी निष्काळजी राहणे हे केवढे पाप आहे!

७. उपदेशकासाठी चार सूचना

पहिली : एक वचन उचलू नये, संपूर्ण भाग वाचावा. कोण कोणास बोलत आहे आणि कोणत्या प्रसंगी, हे आधी पाहावे.

दुसरी : लेखाचा प्रकार ओळखावा. स्तोत्र हे गाणे आहे, दृष्टान्त ही गोष्ट आहे, पत्र हे पत्र आहे. गाण्यास कायद्याप्रमाणे वाचू नये.

तिसरी : अवघड भाग सोप्या भागांच्या उजेडात वाचावा, आणि सर्व काही ख्रिस्ताच्या उजेडात. घटस्फोटाविषयी विचारले असता प्रभूने मोशेची परवानगी लोकांच्या अंतःकरणाच्या कठीणपणाशी जोडली आणि आरंभीच्या उद्देशाकडे बोट दाखविले. अर्थ करण्याची ही त्याचीच रीत आहे.

चौथी : ऐकणाऱ्याच्या भाषेत अर्थ सांगावा. नहेम्याच्या काळी लेव्यांनी नियमशास्त्र स्पष्ट वाचले व लोकांस समजावून दिले. ग्रियर्सन साहेबांच्या भाषा-पाहणीत नमुन्यासाठी उधळ्या पुत्राचा दृष्टान्त निरनिराळ्या बोलींत उतरवून घेण्यात आला. खानदेशी व भिली बोलींचा भाग इ. स. १९०७ मध्ये छापला गेला. ज्या म्हातारीस ‘पुत्र’ हा शब्द परका वाटतो, तिला ‘आंडोर’ म्हणताच बापाचे दुःख कळते. असे सांगणे म्हणजे शास्त्र हलके करणे नव्हे.

पांझरेवरील फड बागायत तुम्ही पाहिली आहे. नदीचे पाणी बंधाऱ्याशी वळते, पाटाने वाहते, चारीतून शेतात येते. पाट व चाऱ्या माणसांनी खणल्या म्हणून ते पाणी नदीचे नव्हे असे कोणी शेतकरी म्हणत नाही. परंतु चारीत गाळ साचला तर नदी भरून वाहत असतानाही पीक सुकते, हेही तो जाणतो, आणि वेळेवर कुदळ घेऊन निघतो. दृष्टान्त सर्व बाजूंनी लागू पडत नाही, तरी उपदेशकाचे काम त्यावरून कळते. शेवटची चारी त्याच्या ताब्यात आहे.

म्हणून कोणी प्रतींतील फरक दाखविला तर रागावू नका, घाबरूही नका. तो फरक कसा आला हे सांगा, दोन्ही प्रती उघडून दाखवा, आणि मग विचारा की ह्या संपूर्ण भागात देव आपणास काय सांगत आहे. फिलिप्पाने रथातील हबशी अधिकाऱ्यास विचारले होते की वाचतोस ते तुला समजते काय. तोच प्रश्न आपण प्रथम स्वतःस, आणि मग प्रेमाने मंडळीस विचारू या.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. यहोयाकीमाने जाळलेल्या गुंडाळीच्या जागी जी दुसरी लिहिली गेली, तीत काय अधिक होते? त्यावरून प्रेरणेविषयी काय शिकावे?

२. लूकाने शोध करून लिहिले. मग त्याचे लिहिणे परमेश्वरप्रेरित कसे म्हणता येईल?

३. सैतानाने उच्चारलेले वचन शास्त्रातलेच होते. मग चूक कोठे होती?

४. आपल्या गावात कोणत्या वचनाचा अर्थ करताना कोणाचे नुकसान झाले आहे काय? ते वचन संपूर्ण अध्यायासह पुन्हा वाचा.